धाकटीचं सात

"सात युनिट. रोज. लिहून देते!" धाकटी बोलून गेली आणि अडकली.

गच्चीवर सोलरच्या पाट्या बसल्या त्याच संध्याकाळची गोष्ट. तिला घरी केक भाजून विकायचे होते. त्यासाठी मोठा विजेचा ओव्हन हवा होता, आणि बाबांचं एकच पालुपद, बिल तुझा केक भरणार का? म्हणून तिने स्वतःच हिशोब मांडला. सगळ्या पाट्या मिळून दोन किलोवॅट. दिवसभराचं ऊन गोळा केलं तर कडक उन्हाचे साडेचार तास होतात. म्हणजे नऊ युनिट. त्यातून उष्णता, धूळ, तारा यांच्या नावाने पाव हिस्सा उडवला. उरले पावणेसात. वर थोडा हट्ट घातला, झाले सात.

"सात दाखव, ओव्हन आणतो," बाबा म्हणाले. "नाहीतर विषय बंद."

मीटर चारच्या पुढे सरकेना.

धाकटीने पाट्या घासूनपुसून आरशासारख्या केल्या. चार. कंपासमधला कोनमापक नेऊन उतार तपासला. उतार बरोबर. तरी चार! रोज कामावरून आली की चपला न काढताच मीटरपुढे उभी.

"काय गं, आज किती?" बाबा आतून विचारायचे. आवाज असा खुशीत, की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हल्ली स्वारी जास्तच रंगात होती. कित्येक महिन्यांची पाठदुखी म्हणे एकाएकी पळाली होती.

"मीटरला काय विचारतेस? सुट्टी घे आणि दुपारी वर जाऊन बघ," आई म्हणाली आणि गालात हसली.

धाकटीने सुट्टी घेतली. ऊन ऐन डोक्यावर आल्यावर ती गच्चीत गेली आणि बघतच राहिली. पाट्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बाबांची गादी पसरलेली. बाजूला उशी. आणि स्वतः बाबा टाकीच्या सावलीत, पेपर वाचत!

"बाबा!"

पेपर खाली आला. "अगं... तू आज घरी?"

"हे काय आहे?"

"गादी. काच मस्त तापते. दोन तास ठेवली की पाठ अशी शेकून निघते..."

"माझं ऊन खातेय ती गादी! ऐन जोरातलं!"

बाबांनी गादीकडे बघितलं. पाट्यांकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे तुझे तीन युनिट माझ्या पाठीत गेले?"

धाकटीला रागवायचं होतं. पण हसू असं फुटलं की टाकीला धरून खाली बसावं लागलं. आई जिन्यातच उभी होती, पदर तोंडाला लावून.

दुसऱ्या दिवशी गादी कठड्यावर तापत होती. संध्याकाळी तिघंही मीटरपुढे. सात पूर्णांक एक!

बाबा शब्दाला पक्के. ओव्हन आला. ठेवायला दोन माणसं लागली. बाबांनी भोवती एक चक्कर मारली, दार उघडून आत वाकून बघितलं.

"का हो बाबा?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "उशी मावेल का, बघत होतो."