उजवी बाजू दादाची

गाडीची तपासणी दुपारी तीनला होती आणि दादा सकाळी साडेआठलाच दारात हजर. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, हातात त्याची ती कात्री-सुयांची डबी. गाडी दुरुस्त करायला इस्त्री करून येणारा माणूस जगात हा एकच असेल, आणि तो नेमका माझा सख्खा भाऊ.

"उजवी बाजू माझी," तो म्हणाला. दोन वर्षांनी माझ्याशी तोंड उघडलं ते हे सांगायला.

गाडी बाबांची. जुनी, चारही चाकांत जोर असलेली, डोंगर चढणारी. जाताना त्यांनी ती आम्हा दोघांच्या नावावर केली. का केली, ते तेच जाणोत. दादा शिंपी, त्याला गाडीत काडीचा रस नाही. माझं मात्र पोट तिच्यावर. डोंगरावर मोबाइलचे टॉवर आहेत, तिथे माणसं आणि सामान मी पोचवते आणि त्या वाटेला दुसरी गाडी जात नाही. बाबा गेले त्याच महिन्यात दादा म्हणाला होता, "ते धूड भंगारात घाल आणि माझ्या दुकानात काजं-बटणं करायला ये." मी त्यावर काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. तेव्हापासून अबोला.

मागच्या आठवड्यात तपासनिसाने गाडी परत पाठवली. डोंगरासाठी मी रुंद टायर घातलेत, ते मडगार्डाच्या बाहेर येतात. म्हणून मडगार्डाच्या काठाला काळ्या प्लास्टिकची झालर लागते, गॅरेजवाले तिला फ्लेअर म्हणतात. प्लास्टिक धडधाकट होतं, पण त्याला धरून ठेवणारे बोल्ट गंजून पार कुजले होते. तपासनिसाने नुसता हात लावला आणि एक झालर लोंबायला लागली.

"आठ दिवस देतो," तो म्हणाला. "पुन्हा नापास झाली तर नंबर रद्द, गाडी भंगारात. आणि येताना दोन्ही मालक पाहिजेत, सह्या लागतील."

दुष्काळात तेरावा महिना! मी आईकरवी दादाला निरोप धाडला. उत्तरही आईकरवीच आलं, की ज्या कामावर सही करायची, त्यातलं निम्मं काम मी माझ्या हाताने करणार.

"कर बाबा," मी आता दारातच म्हणाले. "नख मोडलं तर मात्र माझ्याकडे रडत येऊ नकोस."

मी डाव्या बाजूला बसले. आदल्या दिवशी सगळ्या बोल्टांना गंज सोडवायचं तेल पाजून ठेवलं होतं, तरी पहिला हलेना. पान्ह्याच्या दांड्यावर पाइप चढवून जोर लावला, तर बोल्टाचं डोकं तुटून माझ्या कानाजवळून गेलं. दुसरा जागच्या जागी गरगर फिरत राहिला. मेल्या, म्हटलं, बघतेच तुझ्याकडे! ग्राइंडर काढला आणि एकेकाची मुंडकी उडवली. ठिणग्या उडाल्या, अंगणभर जळक्या लोखंडाचा वास सुटला आणि मला जरा बरं वाटलं.

पलीकडे दादा एकाच बोल्टापाशी बसला होता. थोडा आवळायचा, थोडा सोडायचा, तेलाचा थेंब टाकायचा, पुन्हा थोडा आवळायचा.

"अरे, काढायचाय की बसवायचाय?"

"गाठ ओढली की जास्त घट्ट बसते," तो मान वर न करता म्हणाला.

"उंटावरचा शहाणा!" हे मी मनात म्हणाले नाही, चांगलं मोठ्याने म्हणाले.

आई दारात आली. "भवाने, आजच्या दिवस तरी तोंडाला आवर घाल. तूच बोलावलंस ना त्याला?"

"तपासनिसाने बोलावलं. मी नाही."

अकरा वाजेपर्यंत त्याने बाराच्या बारा बोल्ट अख्खे काढले आणि रुमालावर ओळीने मांडून ठेवले. माझे तुकडे मातीत पडले होते. नवे बोल्ट मी आणले होते, न गंजणाऱ्या स्टीलचे. मी ते ठोकून, आवळून मोकळी झाले. ह्याने डबीतून कात्री काढली, जुन्या ट्यूबच्या चकत्या कापल्या आणि एकेक चकती प्रत्येक बोल्टाखाली बसवायला लागला.

"हे आणि काय नवीन?"

"पत्रा आणि प्लास्टिक घासू नये म्हणून."

"बाबांनी कधी घातलं नव्हतं असलं काही."

"म्हणूनच गंजलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबांचं नाव काढून मला टोमणा मारायचा, आणि तोही माझ्या अंगणात बसून!

एक वाजता त्याचं काम संपलं. हात धुऊन तो आईबरोबर जेवायला आत गेला. मी उजव्या बाजूला गेले आणि पुढच्या झालरीच्या पहिल्या बोल्टाला पान्हा लावला. बोल्ट फिरला. चांगला पाव फेरा फिरला.

वाटलंच होतं! मुद्दाम ढिले ठेवले. तपासनीस ओढणार, झालर त्याच्या हातात येणार, आणि सोमवारपासून मी ह्याच्या दुकानात स्टुलावर बसून काजं करणार. आतून आईच्या हसण्याचा आवाज येत होता. त्या आवाजाने मी आणखी पेटले. पहिला आवळला, दुसरा आवळला, तिसरा आवळला. चौथ्याला कड् असा आवाज झाला.

झालरीला भोकापासून काठापर्यंत सरळ तडा. तेव्हा कुठे मी खाली वाकून नीट पाहिलं. रबराच्या चकत्या चेपून बाहेर आल्या होत्या. रबराला दबायला जागा राहावी म्हणून त्याने हात तिथे थांबवला होता. कापडाला सुरकुती पडायच्या आत थांबणारा माणूस तो. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मला तो हरामखोर ठरायला हवा होता, एवढंच.

ही झालर मिळायची बंद होऊन जमाना झाला, दुसरी आणणार कुठून? मी तड्यात काळं ग्रीस भरलं आणि वरून चिखल चोपडला.

दादा बाहेर आला. उजव्या चाकापाशी थांबला. चिखल बघितला, मग मनगटापर्यंत ग्रीसने भरलेला माझा हात बघितला. आणि गाडीत जाऊन बसला. वाटेत मी मनातल्या मनात एकच वाक्य घोकत होते: साहेब, ती बाजू ह्याने केली.

तपासनिसाने डावीकडून सुरुवात केली. दोन्ही झालरी धरून ओढल्या, तसूभर हलल्या नाहीत. "छान," तो म्हणाला. उजवीकडची मागची ओढली, तीही पक्की. मग तो पुढे आला. फडक्याने चिखल पुसला, थोडा वाकला आणि ओढलं. अर्धी झालर त्याच्या हातात आली.

"हे कुणी बसवलं?"

मी तोंड उघडलं.

"मी," दादा म्हणाला.

"अहो, प्लास्टिक आहे हे! जीव खाऊन आवळायचं नसतं. एवढीही अक्कल नको?"

मागे रांगेत उभे असलेले दोघे-तिघे हसले. गिऱ्हाइकाने कॉलरला नावं ठेवली तर कापड परत करणारा माझा भाऊ, तिथे मान खाली घालून उभा होता. "चुकलं," तो म्हणाला.

नापास. कागद पुढे आला. आधी त्याने सही केली, त्याच्याखाली मी. एका माणसाने माझ्या हातातून किल्ली घेतली आणि गाडी मागच्या आवारात नेली. रडायचं ते ह्याच्यासमोर? शक्यच नाही. फाटकाबाहेर मी त्याला गाठला.

"खोटं का बोललास? मला तुझे उपकार नकोत."

"उपकार?" दिवसभरात पहिल्यांदा त्याने माझ्याकडे सरळ बघितलं. "तू माझं नाव घेणार होतीस. तुझ्या तोंडून ते ऐकण्यापेक्षा मीच घेतलं."

"मी नव्हते घेणार."

तो पाठ फिरवून रस्त्याला लागला.

"नव्हतेच घेणार!" मी ओरडले. रांगेतली सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. तो थांबला नाही.