दोन कपवाली शेजारीण

मला लाज वाटते आणि ती वाटायलाच हवी, म्हणून आधीच सांगून टाकते. या गोष्टीत वाईट वागलेली बाई मीच. दुसरं कुणी शोधत बसू नका.

माझं नाव हेल्का. फिनलंडमधल्या कुओपिओ शहरातल्या एका हॉटेलात बावीस वर्षं पाहुण्यांना किल्ल्या दिल्या, तिथेच इंग्रजी शिकले आणि निवृत्त झाल्यावर तळ्याकाठच्या हाउक्कानिएमी गावात राहायला आले. गाव म्हणजे काय, तर रस्त्याच्या वळणावर एका फळीला ओळीने ठोकलेल्या नऊ टपालपेट्या. त्यांतली सर्वांत भरलेली माझी, कारण मी जगभरच्या अनोळखी माणसांना पोस्टकार्डं पाठवते. इंटरनेटवर त्याचं एक मंडळ आहे. आपण पत्ता मागायचा, ते कुठला तरी एक देतात, चिलीतल्या दंतवैद्याचा नाहीतर जपानातल्या बसड्रायव्हरचा. त्याला कार्ड टाकायचं आणि कोपऱ्यात मंडळाने दिलेला नंबर लिहायचा. कार्ड पोचलं की तो माणूस नंबर कळवतो, सोबत आभाराचे दोन शब्द लिहितो, आणि मग तिसऱ्याच कुणाचं तरी कार्ड आपल्या पेटीत येऊन पडतं. सगळे एकमेकांना परके. तीच तर मजा.

अडचण एकच, लिहायचं काय? कार्डाची अर्धी बाजू पत्त्याला जाते आणि उरतात जेमतेम आठ ओळी. त्यासुद्धा भरण्याइतकं माझ्या आयुष्यात काही घडत नव्हतं. बर्फ, मांजर, पुन्हा बर्फ. पहिलं वर्षभर मी तेच लिहिलं आणि उत्तरं आली, 'छान कार्ड, धन्यवाद.' हॉटेलातून जाताना लोक असंच म्हणायचे आणि खोली उकिरडा करून गेलेले असायचे.

मग मी ओर्वोक्कीबद्दल लिहिलं.

ओर्वोक्की माझी शेजारीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिचा नवरा आर्मास ओंडक्यांचा ट्रक चालवायचा, त्याला जाऊन आता तेरा वर्षं झाली. दर शनिवारी आम्ही दोघी तिच्या साउनात, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोलीत, बसायचो. असंच एकदा वरच्या बाकावर बसल्याबसल्या, तापल्या दगडांवर पाणी टाकता टाकता ती म्हणाली, "हेल्का, मी अजून सकाळी त्याचा कप भरते गं. हात आपोआप जातो. मग ओतून द्यायला जीव होत नाही, तोही मीच पिते."

मी नुसतं "हं" म्हटलं. आमच्याकडे साउनातलं बोलणं साउनातच ठेवायचं असतं. हा नियम कुणी कुणाला शिकवत नाही, पोरंसुद्धा मोडत नाहीत. मी मोडला. पुढच्याच आठवड्यात पोर्तुगालला जाणाऱ्या एका कार्डावर मी लिहिलं:

'माझ्या शेजारणीचा नवरा वारला, तरी ती रोज सकाळी कॉफीचे दोन कप भरते. एक त्याचा. "तू पीत नाहीस तर मीच पिते" असं त्याला दरडावते, दोन्ही कप ढोसते आणि दुपारपर्यंत संडासाच्या वाऱ्या करते. फिनलंडमध्ये मेलेल्या माणसाचीसुद्धा कॉफी वाया जात नाही.'

दरडावणं माझं. संडास माझा. शेवटचं वाक्यही माझंच, आणि त्याचा तर मला फार गर्व होता. पोर्तुगालहून उत्तर आलं, 'आमचं अख्खं ऑफिस हसलं!' मला काय वाटलं सांगू? वाटलं, अरे, मला लिहिता येतं.

तेव्हापासून तोच माझा मजकूर झाला. या छंदातले पुष्कळ लोक असा एक तयार मजकूर ठेवतात आणि कार्डामागून कार्डावर उतरवून काढतात. मी तो ब्राझीलला पाठवला, लाटव्हियाला पाठवला, कुठे कुठे नाही पाठवला. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या पेनालाही नव्हतं. आणि शनिवार आला की त्याच बाकावर ओर्वोक्कीच्या शेजारी बसून तिच्याकडून पाठ घासून घेत होते.

गेल्या हिवाळ्यात तिनेच विषय काढला. "मलाही शिकव की तुझं ते कार्डांचं. माझ्या पेटीत नुसत्या चष्म्याच्या दुकानाच्या जाहिराती येतात."

मी तिचं नाव मंडळात घातलं. तिच्याकडे कॉम्प्युटर नाही आणि इंग्रजीचा गंध नाही, म्हणून सगळा कारभार माझ्या घरून. मी तिला चार सोपी वाक्यं कागदावर लिहून दिली. ती चष्मा लावून, जीभ दातांत धरून, भरतकाम करावं तशी एकेक अक्षर बघून उतरवायची. एका कार्डाला पाऊण तास. आलेली कार्डं मी तिला वाचून दाखवायची.

एप्रिलमध्ये, तळ्यावरचा बर्फ काळा पडायला लागला होता तेव्हा, ती चिखल तुडवत माझ्या दारात आली. "तैवान! बघ, केवढं बारीक लिहिलंय बिचारीने. वाच वाच."

समोरच्या बाजूला हिरव्या पेरूंची रास होती. मी कार्ड उलटलं आणि वाचायला लागले, मनातल्या मनात, नशीब माझं.

'प्रिय ओर्वोक्की, सहा वर्षांपूर्वी मला तुमच्याच गावातून एक कार्ड आलं होतं. एका बाईने तिच्या शेजारणीबद्दल लिहिलं होतं, जी वारलेल्या नवऱ्यासाठी रोज कॉफीचा कप भरते. मी आणि माझे यजमान ते वाचून खूप हसलो. गेल्या वर्षी माझे यजमान गेले. आता मी रोज सकाळी चहाचे दोन कप भरते. तुमचं गाव लहान असेल, तुम्ही कप भरणाऱ्या त्या बाईंना ओळखत असाल. त्यांना सांगा की मी हसले, मला माफ करा. आणि सांगा की आता आपण दोघी आहोत. शिऊ-चिन, ताइनान.' खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात तिने पत्ता दिला होता.

लाखात एकदा असं होत असेल, एकाच माणसाची एकाच गावाशी दोनदा गाठ पडणं. ते माझ्याच वाट्याला यावं! माझी पाचावर धारण बसली.

"काय म्हणते?" ओर्वोक्कीने विचारलं.

"म्हणते, फार उकडतंय तिकडे. पेरूचा हंगाम आहे."

"आणि?"

"गावाचं नाव आवडलं तिला. उच्चारता येत नाही म्हणते."

"एवढं सगळं लिहून नुसते पेरू?" ओर्वोक्की हसली. "माझ्या आईसारखीच दिसते, तीही नुसत्या हवापाण्याच्या गप्पांनी पाहुण्याला कंटाळा आणायची. आणि ही इथे शाई का गं पसरलीय?"

"पाऊस लागला असेल."

तिने कार्ड माझ्या हातातून घेतलं, स्वेटरच्या बाहीने पुसलं आणि म्हणाली, "चांगली बाई दिसते. अक्षर बघ किती नीट आहे." आणि घरी जाऊन आपल्या फ्रिजवर लावलं, डोळ्यांसमोर येईल असं.

ती गेल्यावर मी कॉम्प्युटरपाशी बसले. नंबर कळवायचा होता आणि ओर्वोक्कीच्या नावाने आभार लिहायचे होते. ती तैवानची बाई पुन्हा लिहिणार नाही असं काहीतरी लिहायला हवं होतं. मी लिहिलं, 'सुंदर कार्डाबद्दल आभार. अशी कुणी बाई आमच्या गावात नाही.' आणि बटण दाबलं. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही, हे मी स्वतःच्या बाजूने सांगत नाहीये. दुसऱ्या दिवशी गेलं.

पुढचे दोन शनिवार मी सर्दीचं निमित्त केलं. ओर्वोक्की लसणाचं सूप घेऊन आली. चोराच्या मनात चांदणं, मला वाटायचं तिला कळलंय, म्हणून ती अशी बघतेय. तिला काहीच कळलं नव्हतं. ती फक्त माझं नाक बघत होती.

आणि मग ओर्वोक्कीच्या नावाने शिऊ-चिनचं उत्तर आलं. मंडळाच्या पानावर, तीन ओळींचं.

'कळवल्याबद्दल आभार. म्हणजे त्याही आता गेल्या असाव्यात. काल देवळात गेले होते, माझ्या यजमानांसाठी उदबत्ती लावली, तशी त्यांच्यासाठीही एक लावली. आता त्यांना वेगवेगळे कप भरावे लागत नसतील.'

मी ते दोनदा वाचलं. खिडकीतून मला दिसत होतं, मेलेली बाई अंगणात गालिचे वाळत घालायची दोरी बांधत होती. हसू येण्यासारखं होतं खरं. मला आलं नाही. जिवंत बाईच्या नावाने मी उदबत्ती लावायला लावली होती, आणि तीही अशा एका बाईला, जिला सगळ्या जगात एकच सोबतीण सापडली होती. मला स्वतःची इतकी शिसारी आली की मी पायात बूट चढवले आणि कोट न घालताच निघाले.

ओर्वोक्की आता स्वयंपाकघरात जुन्या चादरी फाडून गालिचा विणायला पट्ट्या करत होती. "आलीस? ते टोक धर जरा," ती म्हणाली.

"ओर्वोक्की, मी त्या कार्डावरचं खोटं वाचून दाखवलं."

"कुठल्या?"

"पेरूच्या."

मी फ्रिजवरचं कार्ड काढलं आणि जसंच्या तसं वाचलं. 'कॉफीचा कप' आलं तेव्हा तिचा हात थांबला. 'आपण दोघी' आलं तेव्हा ती खुर्चीवर बसली. मग मी माझा मजकूर सांगितला, पाठच होता. संडाससुद्धा सांगितला. आभार काय लिहिले ते सांगितलं. उदबत्तीचं सांगितलं.



"हे तुला मी साउनात सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"आणखी कुणालाच नाही. माझ्या मुलीलाही नाही."

"हो."

"किती जणांना लिहिलंस?"

मंडळ सगळा हिशेब ठेवतं, मला आकडा माहीत होता. "दोनशे चाळीसच्या आसपास."

"अगं बाई!" तिने चादर एका दमात टोकापर्यंत फाडली. "आपल्या चर्चमध्ये नाताळला इतकी माणसं येत नाहीत! आणि मी कधी दरडावलं गं त्याला? जिवंत असताना नाही दरडावलं. आणि संडास? संडासात जाते हे तुला काय खिडकीतून दिसतं?"

"नाही. ते मी आपलं... लोकांना हसायला."

"लोकांना." ती माझ्याकडे बघत होती आणि मला कुठे बघावं कळत नव्हतं. "तूही हसलीस?"

नाही म्हणता आलं असतं. "हो," मी म्हटलं. "मी सगळ्यांत जास्त."

रडू आलं मला. तिने रुमाल दिला नाही की रडू नको असंही म्हटलं नाही. ती उठली, ड्रॉवरमधून एक कोरं कार्ड काढलं, चष्मा लावला आणि पेनचं टोपण काढलं.

"मी लिहिते," मी घाईने म्हटलं. "तू सांग, मी पटकन..."

"तू पुष्कळ लिहिलंस. आता फक्त शब्द सांग, लिहिणार मी." ती कार्डावर वाकली. "ती बिचारी तिकडे समजतेय की आपण एकटीच उरलो. आधी लिही... नाही, सांग. 'मी जिवंत आहे.'"

मी शब्द सांगितले, मग अक्षरं. तिने ती एकेक करून काढली.

"'मीच ती दोन कपवाली.'"

सांगितलं.

"'हसलात त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला ते हसण्यासाठीच पाठवलं होतं.'" हे फार लांब होतं. चार ओळी खाल्ल्या त्याने आणि वीस मिनिटं. मी अक्षर सांगायची, पेन कुरकुरायचं, ती मान हलवायची, मी पुढचं सांगायची. तिच्या मोठ्या मोठ्या अक्षरांमुळे खाली एकच ओळ राहिली.

तिने पेन उचलून धरलं. "'माझ्या शेजारणीला लाज वाटते.' हे कसं लिहितात?"

मी तोंड उघडलं, पण तिने हात वर केला.

"थांब. आधी वाटते का ते सांग. खोटं असेल तर मी ती जागा तशीच सोडीन."

"वाटते, ओर्वोक्की."

तिने माझ्याकडे पाहिलं, चष्म्यावरून, किल्ली घ्यायला आलेला पाहुणा खरंच त्याच नावाचा आहे का हे मी पाहायची तसं. मग ती पुन्हा कार्डावर वाकली.

"सांग मग. सावकाश."

लाज वाटण्याच्या त्या इंग्रजी शब्दात सात अक्षरं आहेत. मी ती एकामागून एक सांगत गेले, आणि ती प्रत्येक अक्षर पुरं होईपर्यंत मला थांबवून ठेवत होती.