पुढं जाणारा रिव्हर्स

मच्छिंद्रची आइस्क्रीमची गाडी वडीगोद्रीत आली, तेव्हा संपत टँकरवाल्याने तिच्याकडे एकदाच नीट पाहिलं आणि त्याला तेवढं पुरलं. जुना छोटा हत्ती टेम्पो, त्यावर पत्र्याची खोली, खोलीत फ्रीझर. दोन्ही बाजूंना बायकोच्या नावाने 'तृप्ती आइस्क्रीम' अशी जाड अक्षरं. खाली पेंग्विन काढायला सांगितला होता. पेंटरने आयुष्यात पाहिलेला पक्षी काढला, म्हणजे बगळा, आणि त्याला काळा कोट चढवला. मच्छिंद्र स्वतः गॉगल लावून बसायचा, दिवस मावळल्यावरसुद्धा.

बगळा आणि गॉगल संपतने सोडून दिले असते. त्याला खटकलं ते गाडीचं संगीत. शहरातल्या आइस्क्रीमच्या गाडीवर गाणं वाजतं, एवढं मच्छिंद्रने कुठेतरी पाहिलं होतं. भोंग्याचा खर्च नको म्हणून त्याने गाडीतला रिव्हर्स हॉर्नच एका बटणाला जोडून घेतला. गाडी मागे घेताना वाजायची ती टिवटिव धून आता पुढे जातानाही वाजू लागली. जोडणी करणाराही त्याच्याच लायकीचा निघाला, त्यामुळे धुनीबरोबर मागचा पांढरा दिवाही लागायचा. गाडी गावभर पुढे जायची आणि जगाला सांगायची की मी मागे येते आहे. लोकांना त्यात काही वावगं दिसलं नाही. लोकांना कशातच दिसत नाही, असं संपतचं जुनं मत होतं.

पण संपतच्या टँकरलाही तीच धून होती. तालुक्यातल्या निम्म्या गाड्यांना तीच होती. उन्हाळाभर तो बुद्धविहाराच्या गल्लीत पाणी आणायचा. ती त्याचीच गल्ली. टाकी गल्लीच्या बंद टोकाला, टँकर वळवायला जागा नाही, म्हणून हायवेच्या बाजूने उलटं आत शिरावं लागायचं. धून वाजली की बायका हंडे उचलून भिंतीला लागायच्या. बरीच वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मे महिन्यात एका दुपारी तो असाच उलटा आत शिरत होता. डाव्या आरशात त्याला मालनबाईची नात अक्षता दिसली. पाच वर्षांची पोर दहाची नोट हलवत थेट मागच्या चाकाकडे पळत येत होती. त्याने ब्रेक दाबला. चाकं थांबली, पण टँकरमधलं पाणी थांबलं नाही. ते मागे आदळलं आणि त्याने टँकर आणखी हातभर ढकलला. संपत उडी मारून मागे धावला तेव्हा पोर बंपरला टेकून उभी होती. तिने त्याला विचारलं, मँगो आहे का.

त्याच संध्याकाळी तो मच्छिंद्रकडे गेला. आधी त्याने शांतपणे सगळं सांगून पाहिलं. मच्छिंद्रने चमचा पुसत ऐकून घेतलं.

"मंग तू तुझं बदल ना, संपतभाऊ," तो म्हणाला. "माझं गिऱ्हाईक ह्याच म्युझिकवर बांधलेलं हाय."

"मी मागं जाताना वाजवतो. तू पुढं जाताना वाजवून राह्यला."

"वाजतंय ना बराबर? मंग झालं."

संपत उपसरपंच राधेश्यामकडे गेला. राधेश्यामच्या पोराच्या वाढदिवसाला मच्छिंद्रची गाडी दारात उभी राहिली होती, हे गावाला ठाऊक होतं. राधेश्यामने दोन्ही बाजू ऐकल्याचा चेहरा केला आणि तोडगा काढला. टँकर एवढा मोठा आहे, तो आपोआप दिसतो, तेव्हा त्याने वाजवायचंच नाही. पाठ फिरवून हंडा भरणाऱ्या म्हातारीला टँकर कोणत्या डोळ्यांनी दिसतो, हे संपतने विचारलं नाही. एवढी अक्कल असती तर हा माणूस उपसरपंच झाला नसता.

दुसऱ्या दिवसापासून त्याने टँकर गल्लीत नेणं बंद केलं. हायवेच्या कडेला, गल्लीच्या तोंडाशी उभा करून तिथेच पाइप सोडला. बायकांना हंडे घेऊन अख्खी गल्ली चालावी लागली. शिव्यांना सुरुवात मालनबाईनेच केली. चार पैसे मिळायला लागल्यापासून याची मान ताठ झाली, ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"तुझी नात माझ्या चाकाखाली येत होती, मालनकाकू," संपत म्हणाला. "पुन्हा येईल. वाजलं की आइस्क्रीम, हे तिला ज्यानं शिकवलं त्याला बोल."

तेवढ्यात बगळ्याची गाडी हायवेवरून धून वाजवत आलीच. तोंडाशी टँकर, टँकरपुढे हंड्यांची रांग. मालनबाईने हंडा हलवला नाही.

"मागं घे," ती म्हणाली.

मच्छिंद्रने ऐटीत रिव्हर्स टाकला. धून वाजली, आणि गल्लीतली सगळी पोरं नोटा नाचवत गाडीच्या मागे जमली. त्याने ब्रेक मारला. गाडी पुढे घेतली तर हंडे. पुन्हा मागे घेतली तर पोरं, आता आणखी जवळ. तो खिडकीतून सरका सरका म्हणून ओरडला. पोरांना वाटलं रांग लावायला सांगतो आहे, म्हणून त्यांनी बंपरपासून रांग लावली. रांगेचं शेपूट हायवेवर गेलं.

ते पाहून संपत पुढे झाला. समोरून येणाऱ्या ट्रकला हात करून त्याने पोरं भिंतीकडे हाकलली. मग गाडीचं दार उघडून गॉगलवाल्याला कोपराने बाजूला सारलं आणि डॅशबोर्डखालची वायर खेचून काढली. धून तुटली. पोरं लगेच पांगली.

"तुला रिव्हर्स येत असता तर हे कशासाठी वाजतं ते कळलं असतं," तो म्हणाला.

"वायरीचे पैसे कोण देणार?" मच्छिंद्रने विचारलं. बायका हसल्या.

आठवड्याभरात त्याने गाडीला पितळेची घंटा बांधली आणि शहरात आता घंटाच चालते, म्युझिक जुनं झालं, असं सांगत फिरू लागला. लोकांनी तेही मानलं. राधेश्यामने तर हा तोडगा आपलाच असल्याचं दोघातिघांना सांगितलं.

टँकर पुन्हा गल्लीत जाऊ लागला. पण पोरांच्या कानात बसलेली धून घंटेने निघाली नाही. म्हणून उलटं शिरताना संपत दर थोड्या अंतरावर टँकर थांबवायचा, खाली उतरायचा, मागे जाऊन पाहायचा. बहुतेक वेळा अक्षता तिथे असायचीच.

"आइस्क्रीम न्हाई," तो सांगायचा. "पाणी हाय."

अक्षता टँकरकडे वरपासून खालपर्यंत पाहायची. मच्छिंद्रच्या गाडीकडे संपतने ज्या नजरेने पाहिलं होतं, अगदी तशीच. मग नोट मुठीत दाबून भिंतीकडे निघून जायची.