आईनं बदललेली बाजू

आमच्या चर्चमध्ये पुरुष उजवीकडे बसत, बायका डावीकडे. कॅनडात, मॅनिटोबातल्या आमच्या गावात कुणी त्याला नियमसुद्धा म्हणत नसे, इतकं ते अंगवळणी पडलेलं.

माझ्या बाबांना, डिडरिकना, गाण्याचं भारी वेड. चर्चमध्ये वाद्यं नसत, नुसते गळे. त्यात बाबांचा खर्जातला आवाज असा, की बाकीचे बिनधास्त त्याच्यावर उभे राहत.

एका हिवाळ्यात त्यांना ताप आला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. घरी आईच्या ओठांवरून त्यांना सगळं कळे. पण आमचे पाळक, लेपकी, मान खाली घालून उपदेश वाचत. त्यांचे ओठ दिसणार कसे? गाताना बाबा भलतंच कडवं धरायचे, तेही मोठ्यानं. पोरं फिदीफिदी हसायची.

एका रविवारी बाबा म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी थांबतो, गाईंना सोबत."

"गाईंना तुमची सोबत नकोय," आई म्हणाली आणि त्यांचा कोट पुढे केला.

चर्चमध्ये ती डावीकडे वळलीच नाही. सरळ बाबांबरोबर गेली, त्यांच्या शेजारी बसली आणि पुस्तकी भाषेतला सगळा उपदेश घरच्या बोलीत, नुसत्या ओठांनी, त्यांना सांगत राहिली. गाणं सुरू झालं तेव्हा त्यांच्या गुडघ्यावर बोटांनी ताल धरला. बाबा एकदाही चुकले नाहीत.

बाहेर पायरीवर आगानेथा आत्यानं गाठलंच. "जुस्टिना, भरल्या चर्चमध्ये नवऱ्याच्या गुडघ्यावर हात! लाज कुठं ठेवलीस गं?"

"डावीकडच्या बाकावर. जाऊन बघा, असेल अजून."

दुपारी लेपकी पाळक आले. रविवारी कुणीही न सांगता येई, म्हणून आई शनिवारीच एकावर एक बसवलेले दुमजली पाव भाजून ठेवी. तिनं पाव, आलुबुखाराचा मुरंबा, कॉफी पुढे ठेवली.

"जुस्टिना, बायकांची जागा ठरलेली आहे," ते हळूच म्हणाले.

"काका, लग्न लावताना तुम्हीच विचारलंत, सुखदुःखात साथ देशील का? मी हो म्हटलं. डावीकडे बसून देईन, असं नव्हते म्हणाले."

पाळकांनी अख्खा पाव संपवला, मग म्हणाले, "बंधुसभेत विचारतो."

सभेला फक्त पुरुष. तिथं काय झालं ते मामानं सांगितलं. बराच वाद चालला होता. बाबांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. शेवटी ते उठले. "भावांनो, तुम्ही काय ठरवताय ते मला ऐकू येणार नाही. रविवारी ती माझ्या शेजारी दिसली, की हो म्हणालात असं समजेन." म्हाताऱ्या क्लासेनना हसू आवरेना, आणि मग कुणालाच आवरेना. पुरुषांच्या बाजूचं शेवटचं बाक त्यांना मिळालं.

पुढे त्या बाकावर इतरही येऊ लागले: नजर गेलेला बाप आणि त्याची लेक, आजारी बायको आणि तिचा नवरा. आज तिथं सगळी कुटुंबं एकत्रच बसतात. माझ्या नातवंडांना वाटतं, पहिल्यापासून असंच होतं.

त्या बाकावरचा पहिला रविवार मला लख्ख आठवतो. परतताना घोडागाडीत बाबांनी आईकडे वळून विचारलं, "आज पाळकांचा उपदेश एवढा आटोपशीर कसा?"

आईनं त्यांच्याकडे तोंड करून सावकाश सांगितलं, "मला पटला, तेवढाच सांगितला."

बाबा इतक्या मोठ्यानं हसले, की घोडी दचकून धावत सुटली.