ऑइल थंड होईस्तोवर

रामहरी शेठचा वाढदिवस ऐन मे महिन्यात येतो, यात एंजलच्या गाडीचा काही दोष नव्हता. पण शिक्षा तिलाच होणार होती.

वाढदिवसानिमित्त शेठने यंदा पारनेरजवळच्या घाटात गाड्यांची शर्यत ठेवली होती. रस्ता रीतसर परवानगी काढून बंद केलेला, एका वेळी एकच गाडी, पायथ्यापासून माथ्यापर्यंत कोण कमी वेळात चढतो ते बघायचं. शेठने एकच नियम आपल्या पदरचा घातला होता. प्रत्येक गाडीच्या पुढच्या बाजूला त्याचं फ्लेक्सचं बॅनर लागलंच पाहिजे. वर मोठ्या अक्षरात नाव, खाली जोडलेले हात, आणि मधोमध कलिंगडाएवढा चेहरा.

बाकीच्यांना त्यात वावगं वाटलं नाही. आपल्याकडे गाडीच्या जाळीवर कुणाचं ना कुणाचं तोंड बांधायची सवयच आहे. कधी दादा, कधी भाऊ, कधी नवरदेव, ज्याचा दिवस असेल त्याचं. गाडी तिथूनच हवा घेते, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

एंजलच्या डोक्यात मात्र दुसरं काही येतच नव्हतं. नागापूरच्या एमआयडीसीत ती एका कारखान्यात मशीन चालवायची आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांना, म्हणजे शांतवनला, हाताशी घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये ही छोटी पांढरी गाडी घडवायची. जादा हवा कोंबून जोर वाढवणाऱ्या टर्बोचं इंजिन, त्यातून ट्यूनिंग करून कंपनीने दिली होती त्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद काढलेली. ताकद वाढली की उष्णता वाढते आणि ती सोसावी लागते ऑइलला. ऑइल फार तापलं की पातळ होतं, मग लोखंडावर लोखंड घासतं आणि इंजिन जाम. म्हणून तिने जाळीच्या मागे ऑइल थंड करणारा छोटा रेडिएटर बसवला होता आणि स्टिअरिंगशेजारी तापमानाचा काटा. एकशेदहाच्या आसपास ती निश्चिंत असायची. एकशेतीस दिसले की तिचा पाय आपसूक उचलला जायचा.

आदल्या दिवशी बॅनरशिवाय ती हाच घाट मजेत चढली होती. आज सकाळी बॅनर बांधून सरावाला निघाली, तर अर्ध्या घाटातच काटा एकशेअडतीसवर. दुसरं इंजिन घ्यायची ऐपत नव्हती. हे गेलं की गाडी गेली, आणि तीन वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या. तिने गाडी रांगत रांगत माथ्यावर नेली आणि तडक शेठच्या मंडपात शिरली. मागोमाग शांतवन आला आणि हात बांधून उभा राहिला.

"शेठ, बॅनर दारावर लावते," एंजल म्हणाली. "न्हाईतर वर बॉनेटवर. पुढं लावलं की हवा अडती, ऑइल तापतंय."

शेठ पंख्यापुढे बसून उसाचा रस पीत होता. "ड्रोन पुढून शूटिंग करतोय पोरी. दारावरचं तोंड कुणाला दिसनार?"

"इंजिन जाईल माझं."

"काय हुत न्हाई. दाबून चढव, थांबू नको."

थांबू नको. एंजलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच शब्द याच माणसाने बारा वर्षांपूर्वी फोनवर शांतवनला ऐकवले होते. शांतवन तेव्हा शेठचा ट्रक चालवायचा. भरल्या गाडीला घाटात ऑइलचा लाल दिवा लागला, त्याने कडेला घेऊन फोन केला, आणि शेठ म्हणाला, माल पोचला पाहिजे, थांबू नको. शांतवन थांबला नाही. इंजिन जाम झालं. मग शेठने नागापूरभर सांगितलं, शांतवनने इंजिन जाळलं. त्यानंतर कुणी त्याच्या हाती गाडी दिली नाही. पण एंजलला खरा राग याचा होता, की आजही शेठ दिसला की तिचा बाप उठून उभा राहायचा.

खाली पायथ्याशी आल्यावर शांतवन म्हणाला, "जाऊ दे बाळा. हळू चढव. मोठ्या मानसाशी कशाला वाकडं घ्यायचं?"

"हळू चढवायला गाडी बनवली न्हाई पप्पा."

"मग माघारी जाऊ."

"माघारी बी जायचं न्हाई."

तिने हत्यारांच्या पेटीतून कटर काढला आणि बंपरपुढे उकिडवी बसली. फ्लेक्सवरून बोटं फिरवत तिने मागच्या रेडिएटरच्या कडा चाचपल्या. वरची कड शेठच्या कपाळावर येत होती, खालची हनुवटीवर. तिला हसूच फुटलं. मग तिने पातं टेकवलं. पण कापड ढिलं होतं, पातं नुसतंच घसरत होतं. दोनदा तसं झालं, आणि तिसऱ्यांदा समोरून दोन हात आले आणि त्यांनी बॅनर दोन्हीकडून ताणून धरलं. हात शांतवनचे होते.

"सरळ काप," तो म्हणाला. "लोंबतं काय ठेवू नको, आत ओढलं जाईल."

चौकोन अख्खा निघाला. वर शेठचं नाव, खाली जोडलेले हात, आणि मध्ये रेडिएटरची काळी जाळी. कापलेला तुकडा तिने जपून मागच्या सीटवर ठेवला. "बसा पप्पा. काटा तुमी बघा."

झेंडा पडला आणि गाडी सुटली. पहिल्या वळणावर टर्बोने शिट्टी घातली, दुसऱ्यावर मागची चाकं जरा सरकली. शांतवन रस्त्याकडे बघतच नव्हता. "शंभर," तो म्हणायचा. "एकशेपाच. एकशेदहा." शेवटच्या उभ्या चढाला एंजलने पाय पूर्ण खाली दाबला. "एकशेतेरा," शांतवन म्हणाला, आणि मग जरा चढ्या आवाजात, "एकशेतेराच हाय. दाब, दाब." एवढा आनंद तिला गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता.

माथ्यावर वेळ घेणाऱ्या कल्याणने माइकवर आकडा सांगितला. दिवसभरातला सगळ्यात कमी. पण लोकांचं लक्ष मंडपातल्या पडद्याकडे होतं. ड्रोनने शूटिंग अगदी पुढूनच केलं होतं. शेठचं नाव आणि शेठचे हात घाट चढून येत होते आणि चेहऱ्याच्या जागी भोक होतं. मागच्या रांगेतून हसू सुरू झालं ते पुढच्या खुर्च्यांपर्यंत पोचलं.

शेठ तरातरा गाडीपाशी आला. "माझं तोंड कुठंय?"

एंजलने मागच्या सीटवरचा तुकडा खिडकीतून बाहेर दिला. "घ्या. नीट ठेवलंय. हवेच्या वाटंत येत हुतं."

"कल्याण, हिचा टाइम धरू नको."

कल्याणने मान खाली घातली आणि हातातल्या कागदावर काट मारली. एंजलला ते लागलं, चांगलंच लागलं. डोळ्यांत पाणी आलं ते तिने येऊ दिलं. "नका धरू," ती म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलाय."

"आधी ती गाडी बंद कर. मी बोलतोय अन् हिचं इंजिन घुरघुरतंय."

चावीकडे गेलेला तिचा हात शांतवनने धरला. टर्बो आत तापून लाल झालेला होता. आता इंजिन बंद केलं तर ऑइल फिरायचं थांबलं असतं आणि जागच्या जागी करपलं असतं. तो दार उघडून खाली उतरला. आज त्याने हात बांधले नाहीत.

"गाडी बंद हुनार न्हाई," तो म्हणाला. "ऑइल थंड हुईस्तोवर न्हाई. रामहरी, तू जरा थांब."

शेठ आपलंच तोंड हातात धरून मे महिन्याच्या उन्हात उभा राहिला. काटा हळूहळू खाली आला. शंभरच्या खाली गेला तेव्हा शांतवनने खिडकीतून हात घातला आणि स्वतः चावी फिरवली.