अठ्ठेचाळीस किलो

मिस्त्रीने आधी काळी तार सोडली, मग लाल, आणि चौदा किलोची बॅटरी पोटाशी धरून बॉनेटमधून बाहेर काढली. गाडी बहिणीची. आता मेव्हण्याची म्हणायला हवी होती, पण जीभ वळत नव्हती. बहीण आजारपणात गेली त्याला आठ महिने झाले आणि तेवढेच महिने या गाडीने छळ मांडला होता. घाटात वळण आलं की स्टिअरिंग कितीही फिरवा, नाक आपलं सरळच! परवा तर पुढचं चाक कठड्याला घासून थांबलं. मागे बहिणीची सात वर्षांची पोर बसलेली होती. ते ऐकल्यापासून मिस्त्रीला जेवण गोड लागत नव्हतं.

"नाक जड झालंय, दादा," मेव्हणा म्हणाला होता. "बॅटरी डिकीत टाकता येईल का?"

एरवी मेव्हण्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नसे, पण हे त्याने बरोबर धरलं होतं. मिस्त्रीने डिकीत पट्टी ठोकली, बॅटरी कसून बांधली, जाड तार गालिच्याखालून पुढे नेली आणि गाडी वजनकाट्यांवर चढवली. प्रत्येक चाकाखाली एक काटा, भिंतीवर चार आकडे. गाडी रिकामी तोलायची नाही, रोज बसणारी माणसं बसवूनच तोलायची, हा त्याचा हट्ट होता. गिऱ्हाइकं कुरकुरायची, पण बसायची.

"बसा भाऊजी. आणि हलू नका."

मेव्हणा स्टिअरिंगमागे बसला. मिस्त्रीने आकड्यांची बेरीज केली. मग परत केली. गाडीचं वजन त्याला पाठ होतं, मेव्हण्याचं त्याने विचारून घेतलं होतं. दोन्ही मिळून जेवढं व्हायला हवं त्याहून अठ्ठेचाळीस किलो जास्त भरत होतं, आणि ते डावीकडे, पुढच्या सीटच्या बाजूला.

"सीटखाली काय कोंबून ठेवलंय?"

"काही नाही. का हो?"

मिस्त्रीने वाकून पाहिलं. एक तुटकी पेन्सिल आणि धूळ. मग काट्यांनीच दगा दिला म्हणायचा! त्याने गाडी खाली उतरवली आणि एकेका काट्यावर स्वतः उभा राहिला. चारही ठिकाणी एकाहत्तर. गाडी पुन्हा चढवली, मेव्हण्याला पुन्हा बसवलं. पुन्हा अठ्ठेचाळीस.

त्याने डाव्या सीटवर हात ठेवला. गादी खाली दबलेली होती. त्याने तळवा जरा दाबला, तर ती आणखी दबेना. उन्हाने तापलेल्या त्या गाडीत तेवढीच जागा गार होती. भुताखेतांची टिंगल करण्यात मिस्त्रीचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण आज टिंगल सुचेना. त्याने हात काढून घेतला आणि उगाच फडक्याला पुसला.

"आणखी किती वेळ, दादा?"

"झालंच. चिमणीला बसवू, म्हणजे झालं."

भाची बाकावर चित्र रंगवत होती. हाक मारल्यावर ती धावत आली, मागचं उजवं दार उघडून चढली आणि मधोमध बसली. मागच्या आकड्यांत तिचे एकोणीस किलो मिळाले. मग ती आपण होऊन उजव्या खिडकीपर्यंत सरकली, फ्रॉक आवरून घेतला आणि स्वस्थ बसली.

भिंतीवरचा पुढचा डावा आकडा उतरू लागला. अगदी हळूहळू, कुणी आवाज न करता उठावं तसा. मागचा डावा तेवढाच चढला. गाडीची शेपूट किंचित खाली गेली. बेरीज तीच राहिली.

मिस्त्रीने गाडीत पाहिलं. मेव्हणा समोर बघत होता, त्याला आकडे दिसत नव्हते. पोर मात्र डावीकडे बघून काहीतरी पुटपुटली आणि हसली.

मिस्त्रीचं डोकं आता एकाच गोष्टीवर होतं. पोर, तिच्याशेजारचं ते वजन, आणि वर डिकीत बॅटरी. ओल्या घाटात शेपूट फिरली तर कुणी वाचणार नाही. तो मागे गेला, डिकी उघडली आणि मघाशी कसलेले नट सोडवू लागला.

मेव्हणा आवाज ऐकून उतरला. "अहो, हे काय? आत्ताच तर बसवली!"

"बॅटरी पुढेच राहू दे. आता मागे भार आहे."

"कसला भार?"

मिस्त्रीने पाना थांबवला नाही. खोटं बोलावं असं क्षणभर मनात आलं, पण जमलं नाही. "तुम्ही पुढे एकटे असता तेव्हा ती पुढे बसते. पोर बसली की मागे जाते. परवा का कुणास ठाऊक पुढे राहिली."

"परवा पोर रुसली होती माझ्यावर," मेव्हणा म्हणाला. "पुढे बसेन म्हणून हटून बसली होती. घाट लागल्यावर मागे पाठवली, तर मधोमधच बसली, सरकलीच नाही." मग तो वळून भिंतीवरच्या आकड्यांकडे बघत राहिला.

"किती भरतं?" त्याने विचारलं.

"अठ्ठेचाळीस."

मेव्हण्याने डिकीच्या कडेला हात टेकला.

"शेवटी तर अडतीसवर आली होती, दादा," तो म्हणाला. "म्हणजे आता बरी आहे."