बोगद्याचं माप

दादा रविवारी कॉम्प्युटर न्यायला येणार होता. त्याच्या मुलीला कॉलेजसाठी हवा होता, आणि बाबांना आता लागणार नव्हता.

"तेवढा रिकामा करून ठेव," तो फोनवर म्हणाला. "त्यात असणार काय म्हणा. आगगाड्याच."

होत्याही आगगाड्याच. शुक्रवारी रजा टाकून ती, दादाची धाकटी बहीण, बाबांच्या खुर्चीत बसली. ती खुर्ची कायम डावीकडे कलायची, बाबांना दुरुस्त करून घ्यायची नव्हती. सगळं पुसून टाकण्याआधी एकदा बघून घ्यावं म्हणून तिने तो गाडी चालवण्याचा खेळ उघडला. हा खेळ तिनेच त्यांना आणून दिला होता, चार वर्षांपूर्वी. आणून दिला म्हणजे काय, तोंडावर मारला होता.

बाबा दातांचे साचे करायचे. दवाखान्यांतून आलेल्या ठशांत प्लास्टर ओतायचं, त्यावर कवळी बसवायची, घासायची, पुन्हा बसवायची. "दात केसभर उंच राहिला तरी माणसाचं जेवणातून लक्ष उडतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. उरलेल्या प्लास्टरचे त्यांनी डोंगर केले. आठ बाय चारच्या प्लायवूडच्या फळीवर रूळ, पूल, दोन स्टेशनं, एक बोगदा, आणि फिरणारी छोटी गाडी. मापं मात्र कुठल्याही वहीत नव्हती. साच्याच्या बुडावर रोग्याचा नंबर लिहायची हाताला सवय, म्हणून प्रत्येक माप त्यांनी फळीच्या पोटाला, त्या त्या वस्तूच्या बरोबर खाली, पेन्सिलीने लिहिलं होतं. लहानपणी ती त्या फळीखाली उताणी पडून असायची. गाडी बोगद्यात अडकली की खालच्या भोकातून हात घालून सोडवायची, आणि शिट्टी फुंकायची. बाबा तिला 'गार्ड' म्हणायचे. आकडे वाचायला ती शाळेत शिकली नाही, तिथे शिकली.

बाबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ते घरी यायच्या आत फळी गेली. खोलीत उंच पलंग लावायचा होता, रात्री देखभालीला राहणाऱ्या बाईंची खाट मावायला हवी होती. दादाने चपलांच्या दुकानदाराला विचारलं, त्याला दुकानाच्या काचेत मांडायला हवीच होती. फळीचं एक टोक दादाने धरलं, दुसरं तिने.

घरी आल्यावर बाबांनी फरशीवर फळीखालच्या चार पायांच्या खुणा बघितल्या.

"खोली मोठी दिसते," एवढंच म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात तिने हा खेळ आणला. "बघा बाबा, धूळ नाही, पसारा नाही. हव्या तेवढ्या गाड्या."

"हो का. मग पसारा मीच होतो म्हणायचं."

सुरुवातीला ते दुसऱ्यांच्या देशातल्या गाड्या रुसल्यासारखे चालवायचे. मग कधीतरी त्यांना त्यातलं 'मार्ग बनवा' सापडलं. त्यानंतर त्यांचं जेवण टेबलावर गार होऊ लागलं, कपाटातलं मापं घ्यायचं कॅलिपर बाहेर आलं. घरातल्यांना वाटलं, चला, रमले एकदाचे.

आता पडद्यावर एकच मार्ग होता. नाव 'फळी'. तिने तो उघडला आणि तिचा हात माऊसवरच राहिला. पहिलं स्टेशन, त्याचा वाकडा बाक, पुलाचा तुटका कठडा. सगळं जसंच्या तसं, फक्त खऱ्या आकाराचं. शेजारच्या कागदावर बाबांच्या अक्षरात गुणाकार होते. फळीवरची गाडी खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी, म्हणून प्रत्येक माप सत्त्याऐंशीने गुणलेलं, आठवेल ते आठवून. रूळ बोगद्यात शिरत होते आणि आत संपत होते. पलीकडे सपाट हिरवं, काही नाही. खेळाच्या नोंदीत दोनशे बारा फेऱ्या होत्या. प्रत्येक वेळी गाडी बोगद्याच्या तोंडाशी थांबवून मागे आणलेली.

मग तिला तो फोन आठवला. दीड वर्षापूर्वीचा, ती बैठकीत होती.

"गार्ड, बोगदा किती लांब होता गं आपला?"

"बाबा, मी कामात आहे."

"दोन मिनिटं. इथे जमलं ना, की एक लहानशी फळी घेईन म्हणतो. पलंगाखाली मावेल एवढीच. एकदा येऊन जाशील का?"

"काहीही टाका हो. कोण मोजायला बसलंय?"

"बरं," ते म्हणाले. पुन्हा विचारलं नाही.

तिने दादाला फोन लावला. "फळीचं काय केलं त्या दुकानदाराने?"

"महिनाभर काचेत होती. मग फडताळं केली म्हणे. प्लाय चांगलं होतं. का गं?"

"माप हवंय. रविवारच्या आत."

"कसलं? तू बरी आहेस ना?"

दुपारी ती दुकानात गेली. भिंतीला पाच फडताळं, सगळ्यांवर चपला.

"या ताई. कुठला नंबर?"

"मला फळ्या खालून बघायच्यात."

दुकानदाराने चष्मा वर केला. "बघा बापडे. इथे लोक चपला वरून बघतात." मग त्याला ओळख पटली. "तुम्ही त्या गाडीवाल्या काकांच्या का? ते आले होते की एकदा. दारातच उभे. म्हटलं आत या, तर म्हणाले, मला वाकता येत नाही. मी म्हटलं, वाकताय कशाला, मी काढून देतो चपला! तर म्हणे, असू दे, माझी गार्ड येईल."

"कधी?"

"झालं की वर्ष-दीड वर्ष."

ती फरशीवर गुडघे टेकून खाली वाकली, मग सरळ उताणीच झाली. दोन गिऱ्हाइकं तिला ओलांडून गेली. सगळ्यात खालच्या फळीच्या पोटाला पेन्सिल अजून होती. पूल १२.४. सिग्नल ७.१. आणि अगदी कडेला, बोगदा ४१. त्यानंतर टिंब. टिंबानंतर करवत गेली होती.

"याच्या शेजारचा तुकडा?"

"तो हा वरचा. पण कडा रंधा मारून घेतल्यात हो. लोकांच्या कपड्यांचे धागे अडकायचे."

रविवारी सकाळी तिने एक्केचाळीस गुणिले सत्त्याऐंशी केलं. मग एक्केचाळीस पूर्णांक एक. मग दोन. फळीवरचा एक मिलिमीटर इथे जवळजवळ नऊ सेंटिमीटर होत होता. दर वेळी ती बोगदा जोडायची, पलीकडे थोडे रूळ टाकायची आणि गाडी सोडायची. चुकीच्या मापावर काहीतरी खटकेल, गाडी घसरेल, निदान डबा हलेल, अशी तिची आशा होती. दहाच्या दहा आकड्यांवर गाडी आत गेली आणि बाहेर आली. काहीही टाकलं तरी चालत होतं. यातलं कुठलं खरं, हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो आता नव्हता.

बेल वाजली. दादा चप्पल न काढता आत आला.

"झाला का रिकामा?"

तिने जोडलेले रूळ काढून टाकले. गाडी मागे घेऊन बोगद्याच्या तोंडाशी उभी केली.

"नाही," ती म्हणाली. "तूच कर. मी एक टोक धरलं होतं एकदा, तेवढं पुरे."